पीळ

गेल्या गणपतीत मावशीचा जावई आरतीला आला होता. माणूस बोटीवर असतो, सहा महिने पाण्यात नि सहा महिने घरी, आणि बोट लागेल तिथले शंखशिंपले गोळा करायचा त्याला नाद. आरती झाली, प्रसादाचे द्रोण फिरले, आणि हा देवघराशी वाकून नमस्कार करता करता तसाच थबकला. "मावशी, हा शंख कुठून आणलात?" आईने कौतुकाने सांगितलं, दक्षिणावर्ती आहे, ह्यांच्या आजारपणात घेतला. त्याने तो उचलला, तोंडात तर्जनी घालून आत चाचपलं, आणि खाली ठेवताना अगदी हळू, माझ्यापुरतंच, म्हणाला, "ताई, हा आपल्या समुद्रातला नाही. अमेरिकेच्या किनाऱ्याला मिळतो. तिथे ढिगाने असतात." आईने ऐकलं की नाही ते कळेना. ती निरांजनातली वात पुढे सारत होती.

अकरा हजार रुपये. बाबांचं डायलिसिस चालू होतं त्या वर्षी एका देवळाबाहेरच्या दुकानातून आईने तो घेतला होता. लाल रेशमी फडकं, त्यावर कुंकवाचं बोट, पिशवीत चार गुंजा. दुकानदाराने सांगितलं होतं, असा शंख लाखांत एक निघतो, ज्या घरात असतो तिथे काही कमी पडत नाही. आईने हातातली एक पाटली मोडली होती, हे मला पुढे दोन वर्षांनी कळलं. बाबा त्यानंतर सात महिने होते. शंखाने काही केलं नाही, असं आई कधी म्हणाली नाही. केलं, असंही नाही. रोज सकाळी त्यातून शाळिग्रामावर पाणी घालायची, आणि रोज थोडं पाणी ताम्हनाच्या बाहेर सांडायचं. "ह्या शंखाची धारच नीट पडत नाही," एवढीच तिची तक्रार.

मला मात्र ते "ढिगाने असतात" सोडेना. फसवलं गेल्याचा राग होताच, पण तो जुना, पाटलीइतकाच. खुपत होतं ते निराळं. जो आपल्या घरात लाखांत एक म्हणून बसला होता, तो आपल्या गावी चारचौघांसारखा होता. तिथे सगळेच तसे वळलेले.

दुसऱ्या दिवशी आई आंघोळीला गेल्यावर मी तो ताटलीत घेऊन खिडकीशी बसले. जावयाने काय चाचपलं असेल ते बघायला मीही बोट आत घातलं. आपला खरा शंख, मन्नारच्या आखातात तुतिकोरिनचे पाणबुडे काढतात तो, त्याच्या आतल्या खांबावर तीन-चार ठसठशीत उभार असतात. बोटाला पायऱ्या लागल्यासारख्या लागतात. आमच्याकडे दुसरा एक साधा शंख आहे, आजीचा, त्यात ते लागले. ह्यात काहीच नाही. आत सगळं गुळगुळीत, भिजवून सोललेल्या बदामासारखं. आणि घासूनपुसून पांढऱ्या केलेल्या पाठीवर, ओठाच्या कडेला, तपकिरी रंगाच्या दोन पुसट उभ्या रेघा राहून गेल्या होत्या. ह्या रेघांमुळेच त्याला तिकडे विजेचं नाव आहे. टेक्सासचा तर तो राज्यशिंपला. फ्लोरिडापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत वाळूत रुतून बसणारा, कालवं-शिंपले फोडून खाणारा एक मोठा गोगलगाय-जातीचा प्राणी. त्याच्या घराला आम्ही पंधरा वर्षं गंध लावत होतो.

एक गंमत मला तेव्हाच कळली, इतकी वर्षं प्राणिशास्त्राची पदवी भिंतीवर टांगूनही. आपण ज्याला दक्षिणावर्ती म्हणतो, त्याला शास्त्रज्ञ वामावर्ती म्हणतात. दोघंही खोटं बोलत नाहीत. आपल्याकडे शंख धरायचा तो पन्हळीचं टोक वर करून. तसा धरला की ह्या दुर्मीळ शंखाचं तोंड उजवीकडे उघडतं. शास्त्रज्ञ धरतात शेंडी वर करून. तसा धरला की तेच तोंड डावीकडे. वस्तू तीच, वेटोळंही तेच, धरणाऱ्याने उलटी धरली की नाव बदललं. माझ्यासारखीला ही गोष्ट जरा जास्तच लागते. मी डावरी आहे.

रत्नागिरीला आजीच्या घरी पानात बसलं की पहिला घास घ्यायच्या आधी माझा डावा हात मांडीखाली जायचा. स्वतःहून नाही, आजी ठेवायची. "उजव्या हातानं खा गो, लोकं हसतील." एकदा तिने परकराच्या नाडीने तो मनगटाशी बांधला होता. मारकी नव्हती ती, उलट माझ्यावर तिचा जीव होता, आणि बांधताना गाठ सैल ठेवायची. पण रोज. पाटीवर मी डाव्या हाताने अक्षर काढलं की ती ओल्या बोटाने पुसायची आणि पेन्सिल उजव्या हातात द्यायची. ती पडवीतून आत गेली की पेन्सिल परत इकडे. शेवटी कंटाळून ती आईला म्हणाली होती, "सुंभ जळेल, पण हिचा पीळ जायचा नाही." आमच्या पडवीतच काथ्याचं सुंभ वळायचं काम चालायचं, त्यामुळे मला ती म्हण म्हण वाटलीच नाही कधी, मला दिसायचा तो तळव्यांमधला काथ्या, एकाच बाजूला वळत जाणारा. वळणाऱ्याचा हात एकदा ठरला की सगळा दोर तसाच. आज मी जेवते उजव्या हाताने, लिहिते डाव्याने, भाजी चिरते डाव्याने, आणि देवाला फूल वाहते उजव्याने. अर्धा पीळ आजीने काढला, अर्धा राहिला.

कॉलेजात आम्हाला पायला होता. भातखाचरातली ती गुटगुटीत गोगलगाय, विच्छेदनाच्या ट्रेमध्ये मेणावर टाचलेली, फॉर्मालिनने डोळ्यांतून पाणी काढणारी. तिचं चित्र जर्नलमध्ये काढायचं होतं. मी मैत्रिणीच्या वहीवरून बटर पेपरवर गिरवलं आणि कागद उलटा ठेवून दाबलं. सगळी आकृती फिरली. सरांनी लाल पेन्सिलने भलामोठा प्रश्नार्थक काढला आणि वर्गापुढे विचारलं, "हा प्राणी कुठे सापडला तुम्हाला?" वर्ग हसला, मीही हसले. फार नंतर वाचलं की रेम्ब्रांटने 1650 साली शंखाचं एक छापचित्र केलं, तेव्हा तोही हेच विसरला. तांब्याच्या पत्र्यावर शंख दिसला तसा कोरला आणि छापल्यावर तो डावा निघाला. सही मात्र त्याने आठवणीने उलटी कोरली होती, म्हणून ती सरळ उमटली. मला हे वाचून जो आनंद झाला त्यात थोडा सरांचा सूडही होता.

ह्या पावसाळ्यात मग मला वेड लागलं. सोसायटीच्या मागच्या भिंतीवर आफ्रिकी गोगलगायी चढतात, मुठीएवढ्या, सगळ्या डोंबिवलीला वैताग देणाऱ्या. सकाळी दूध आणायला गेले की मी एकेक उचलून शेंडी वर करून बघायची. उजवी. उजवी. उजवी. हाताला तो थंड चिकट पाय लागायचा, तो आत ओढून घेताना होणारा बारीक बुडबुड्यांचा आवाज यायचा. त्रेचाळीसपर्यंत मोजल्या आणि वॉचमनने विचारलं, मॅडम, औषध पाहिजे का मारायचं? मुलीने घरात जाहीर केलं की आईची साठीबुद्धी दहा वर्षं आधी आली आहे.

बहुतेक सगळ्या गोगलगायी उजव्याच का, आणि मधूनच एखादी डावी का, ह्यावर शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडात दोन माणसं अशीच वेडी झाली होती. बॉयकॉट आणि डायव्हर. तळ्यातल्या गोगलगायींच्या डाव्या आणि उजव्या वळणाच्या जोड्या बरण्यांत वाढवायच्या आणि पिल्लं मोजायची. आकडे मात्र जुळेनात. मेंडेलच्या हिशेबाने मिश्र जोडीची पिल्लं तीनास एक अशी वाटली जायला हवीत. इथे एका विणीतली सगळीच्या सगळी एकाच बाजूची. आई डावी असून पिल्लं सगळी उजवी, कधी आई उजवी आणि पिल्लं सगळी डावी. 1923 साली अमेरिकेतल्या स्टर्टेव्हंटने, हा माशांवर काम करणारा, म्हणजे घरातल्या फळांवरच्या माशांवर, एका छोट्याशा टिपणात कोडं सोडवलं. पिल्लू कुठे वळणार हे पिल्लाच्या जनुकांवर ठरत नाही. ते आईच्या जनुकांवर ठरतं. आई स्वतः कशी दिसते त्याच्यावरसुद्धा नाही. तिच्या आत काय लिहिलंय त्याच्यावर.

हे नीट डोक्यात शिरायला मला एक दुपार आणि दोन कप चहा लागला. समजा, एका पिल्लाकडे स्वतःची जनुकाची दोन्ही पानं, एक आईकडून आलेलं नि एक बापाकडून, डावीची आहेत. उजवीकडे वळा असं सांगणारं एकही अक्षर त्याच्यात नाही. पण आईकडे एक पान उजवीचं होतं. तर ते पिल्लू उजवीकडेच वळणार, जन्मभर उजवं दिसणार. आणि त्याची स्वतःची पिल्लं? ती सगळी डावी. म्हणजे प्रत्येक गोगलगाय अंगावर वागवते ते आईचं मत. तिचं स्वतःचं मत दिसतं ते तिच्या मुलांच्या पाठीवर. बापाचं पान तर आणखी मागे पडतं, ते नातवंडांतच उगवतं. (ह्या तळ्यातल्या गोगलगायी नर-मादी दोन्ही असतात, तेव्हा आई म्हणजे अंडी घालणारी, एवढंच. तरी मला त्यांना आईच म्हणावंसं वाटतं.)

एक पिढी उशिरा पोचणारी चिठ्ठी.

पण चिठ्ठीत लिहिलेलं काय होतं, हे कळायला जवळपास आणखी एक शतक गेलं. कारण हजारो पिल्लांचा डीएनए वाचून, कुठला तुकडा नेमका वळणाबरोबर जातो हे चाळत चाळत एका जनुकापर्यंत यायचं, तर आधी गोगलगायीचा अख्खा जीनोम, तिच्या जनुकांचं सगळं पुस्तक, उघडता यायला हवा. 2016 साली नॉटिंगहॅमच्या अँगस डेव्हिसनच्या गटाने आणि जपानात रेइको कुरोदा यांच्या गटाने, दोघांनी वेगवेगळ्या वाटेने, ते एकच जनुक गाठलं. ते फॉर्मिन नावाच्या प्रथिनांच्या घराण्यातलं. तळ्यातल्या गोगलगायीत ह्या जनुकाच्या दोन जवळजवळ सारख्या प्रती शेजारी शेजारी बसलेल्या असतात, आणि डाव्या कुळात त्यातल्या एका प्रतीचा मजकूर एका ठिकाणी गळलेला. जरासा गळला, पण त्याने पुढची सगळी ओळ सरकली आणि वाचता येईना. मला ह्यात सगळ्यात आवडलं ते फॉर्मिनचं काम. पेशीच्या आत अॅक्टिनचे धागे असतात, पेशीला ताठ ठेवणारे, तिला आकार देणारे. हे प्रथिन त्या धाग्याच्या टोकाशी बसून एकेक मणी जोडत तो लांबवतं. आणि धागा मुळातच पिळाचा. म्हणजे पाठीवरचं ते एवढं मोठं वेटोळं शोधत शोधत माणसं शेवटी पोचली कुठे, तर दोर वळणाऱ्याच्या तळव्यांशी. आजीच्या पडवीत.

अंड्यात हे कसं घडतं ते सांगायला मला लाडूच बरे पडतात. एका अंड्याचे दोन झाले, दोनाचे चार. परातीत चार लाडू शेजारी शेजारी. आता पुढच्या वेळी प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक छोटा लाडू फुटतो, पण तो बरोबर डोक्यावर बसत नाही. सगळे चारही एका दमात किंचित फिरतात आणि खालच्या दोघांच्या मधल्या खाचेत बसतात. उजव्या गोगलगायीत घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, डावीत उलट. बसून झाल्यावर नुसतं बघणाऱ्याला फरक कळणारही नाही, खाचा तशाच भरलेल्या दिसतात. फरक एवढाच, की कुणाचा लाडू कुठल्या शेजाऱ्याकडे सरकला. पण त्या सरकण्यावर पुढचं सगळं रचलं जातं: हृदय कुठे, आतडं कसं वळणार, शेवटी शंख कुठे वळणार. आणि ह्या घडीला पिल्लाची स्वतःची जनुकं अजून झोपेत असतात. चाललेलं असतं ते आईने अंड्यात भरून दिलेल्या शिदोरीवर. आपलंही असंच असतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण ध्यानात नव्हतं: माणसाचा गर्भ चार-आठ पेशींचा होईपर्यंत आईच्याच साठवणीवर चालतो. आपण आपले होण्याआधीचे ते दोन-तीन दिवस.

आणि आता ती गोष्ट जी वाचून मी पुस्तक मिटून जरा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले. 2009 साली कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या आठ पेशींच्या वेळी बारीक काचेच्या कांडीने वरचे चार लाडू ढकलले. उजवीकडे वळू बघणाऱ्यांना डावीकडे, डावीकडच्यांना उजवीकडे. जनुकाला हात लावला नाही, नुसतं ढकललं. त्याआधीच्या टप्प्यावर, दोन किंवा चार पेशींना, ढकलून बघितलं तर उपयोग झाला नाही; पुढच्या वाटणीला पेशी परत आपल्या मूळ वळणावर आल्या. पण तिसऱ्या वाटणीला, नेमक्या त्याच वेळी, ढकललं तर ती वळली आणि वळलेलीच राहिली. पिल्लं धडधाकट जगली, मोठी झाली, शंख उलटा, आतले अवयव आरशातल्यासारखे उलटे, सगळं काम व्यवस्थित. आणि त्यांनी अंडी घातली तेव्हा त्यातून निघालेली पिल्लं परत मूळ बाजूची. कांडीने वळलेलं वळण पुढे गेलं नाही.

आजीला वेळ साधता आली नव्हती, एवढंच.

इथे मलाच माझा कान धरायला हवा. माणसाचा डावरेपणा आणि गोगलगायीचा डावरेपणा ह्या एक गोष्टी नव्हेत. दहातला एक माणूस डावरा असतो, तो मेंदूचा मामला, त्यात पुष्कळ जनुकांचा हात थोडा थोडा, आणि कुठलं एक जनुक आईने शिदोरीत बांधून दिलं असा हिशेब तिथे नाही. माझी मुलगी ठार उजवी आहे, ह्याचा अर्थ माझ्या आत उजवीचं पान होतं असा काढायचा मोह मी निग्रहाने आवरला आहे. पण नातं अगदीच नाही असंही नव्हे. त्याच फॉर्मिनला औषधाने अडवलं, तर बेडकाच्या गर्भातही डाव्या-उजव्याची घडी विस्कटते. आणि ज्या नोडल नावाच्या जनुकामुळे आपलं हृदय डावीकडे बसतं, तेच जनुक गोगलगायीतही सापडलं, तेही 2009 सालीच. उजव्या गोगलगायीत ते उजव्या अंगाला जागं होतं, डावीत डाव्या. ती वाट औषधाने अडवली तेव्हा काही पिल्लांच्या शंखाला वळणच आलं नाही. सरळ नळीसारखा शंख. पीळच नाही. मला तो फोटो बघवेना का कुणास ठाऊक.

रविवारी बाजारात तिसऱ्या घेताना हे सगळं डोक्यात घोळत होतं. कोळीण वाटा लावून देते, मी घरी आणून दोनदा पाणी बदलते, मग विळीवर एकेक उघडायची. बोटाखाली ती बिजागरी कडकन सुटते, आत खारट पाणी आणि मऊ पिवळसर जीव. ह्यांना वेटोळं नाही, डोकंसुद्धा नाही; डोकं ह्यांच्या पूर्वजांनी केव्हाच टाकून दिलं. तरी कूळ एकच: गोगलगाय, तिसरी, कालव, माकूल, सगळ्यांची वंशावळ एकाच मृदुकाय घराण्याची. 2015 साली कॅलिफोर्नियातल्या एका अष्टपादाचा जीनोम वाचला गेला तेव्हा त्यात तेहतीस हजारांच्या आसपास जनुकं निघाली, माणसापेक्षा जास्त, आणि मेंदूच्या जोडणीत कामी येणाऱ्या एका घराण्याची तर एकशे अडुसष्ट. कालवांचं पुस्तक त्याआधी तीन वर्षं उघडलं होतं, पॅसिफिकमधल्या कालवांचं, आपल्या खडपी कालवांच्या चुलत घराण्याचं. त्यात उन्हातापापासून प्रथिनं सांभाळणाऱ्या एका जनुकाच्या अठ्ठ्याऐंशी प्रती होत्या. हे वाचलं आणि मला भाट्याच्या पलीकडचे खडक आठवले. सुकतीला पाणी मागे जायचं, मे महिन्याचं ऊन, अनवाणी पाय ठेवता यायचा नाही असा दगड, आणि त्यावर घट्ट मिटून बसलेली कालवं, सहा-सहा तास. आजी टोच्याने त्यांचं झाकण उडवायची. उजव्या हाताने. मी शेजारी डब्यात पाणी घेऊन बसायची, आणि ती म्हणायची, किती सोसतात गो हे. अठ्ठ्याऐंशी प्रती तिला ठाऊक नव्हत्या, पण सोसण्याची तिची नजर बरोबर होती. गोव्यातल्या शिनाण्यांचं, म्हणजे हिरव्या शिंपल्यांचं, पुस्तकही आता आपल्याच देशात, कोचीच्या मत्स्यसंशोधन संस्थेत, वाचलं गेलं आहे. पंधरा जोड्या गुणसूत्रांच्या. आपण मात्र त्यांच्यात खोबरं किती घालायचं ह्यावरून अजून भांडतो.

डाव्या गोगलगायींचं दुःख असं की त्यांना जोडीदार मिळत नाही. गोगलगायींचे अवयव एका अंगाला असतात, समोरासमोर आलं की उजव्याचं उजव्याशी जुळतं. डाव्याचं जुळत नाही. जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवर मात्र ह्याच डावेपणाने जीव वाचतो. तिथला गोगलगायी खाणारा साप उजव्यांना चटावलेला, त्याच्या उजव्या जबड्यात दात डाव्यापेक्षा जास्त. डावी गोगलगाय आली की त्याची पकड सुटते. जिथे साप, तिथे डाव्यांची वस्ती जास्त. सापाच्या तोंडात जाऊन परत येणं ही काही सुखाची मिरवणूक नव्हे, पण मला वाचून बरं वाटलं, हे कबूल करते.

आणि मग जेरेमी. लंडनच्या नैऋत्येला एका कंपोस्टच्या ढिगाऱ्यावर सापडलेली बागेतली डावी गोगलगाय. डेव्हिसनने तिच्यासाठी रेडिओवरून स्थळ शोधलं, जगभर बातमी झाली. दोन डावी स्थळं आली: एक इंग्लंडातल्या इप्सविचचं, लेफ्टी, दुसरं स्पेनच्या मायोर्का बेटावरचं, टोमेउ, शिजायच्या टोपातून वाचलेलं. आणून एकत्र ठेवली, तर लेफ्टी आणि टोमेउ यांनी आपसातच जमवलं आणि जेरेमी बाजूला बसून राहिली. अखेर तिचीही टोमेउशी गाठ पडली, आणि ऑक्टोबर 2017 मध्ये ती मेली. तिची पिल्लं सगळी उजवी. तिच्यासारख्या आणखी डाव्या गोळा करून, पिढ्यान् पिढ्या वाढवून 2020 साली निष्कर्ष आला, की बागेतल्या ह्या जातीत डावेपणा बहुतेक वेळा वारशाने येतच नाही. आईच्या चिठ्ठीत काही नसतं. वाढताना केव्हा तरी, कुठल्या तरी क्षणी काही तरी सरकतं. बस.

हे कळल्यावर मला खरं तर हलकं वाटायला हवं होतं. कुणाचा दोष नाही, कुणाची देणगी नाही. पण थोडं रितंही वाटलं. चिठ्ठी आहे, पण वाचता येत नाही, हे सोसतं. चिठ्ठीच नव्हती, हे सोसत नाही. बाबांच्या आजाराबद्दलही डॉक्टर असंच काही म्हणाले होते, घराण्यात नाही, कारण सापडत नाही, होतं कधी कधी. आईने तेव्हा त्यांच्याकडे बघितलं होतं ते मला आठवतं. त्याच आठवड्यात तिने शंख आणला.

काल सकाळी आई पूजेला बसली होती. गुडघे दुखतात म्हणून हल्ली पाटाऐवजी स्टुलावर बसते. शंखात पाणी भरलं, ओतलं, आणि नेहमीसारखा एक ओघळ ताम्हनाबाहेर. मी फडकं घेऊन पुसायला गेले तर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो बोटीवरचा काय म्हणाला ते ऐकलंय मी. अमेरिकेतला ना?" मी म्हटलं, हो. "तिथे असेच असतात सगळे?" हो, सगळे असेच. तिने शंख हातात फिरवला, बोट आत घातलं, जावयासारखंच. "म्हणजे हा कुणी वेगळा नव्हेच." मी काही बोलले नाही. "दुकानदार चोर," ती म्हणाली, "पण ह्या बिचाऱ्याचं काय." आणि परत पाणी भरलं.

मी म्हटलं, दे, मी घालते. उजव्या हातात घेतला, तसाच, सवयीने, आणि तसंच पाणी सांडलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, डाव्या हातात धरला. बोटं आपोआप ओठाखाली गेली, अंगठा पाठीवर एका खळग्यात बसला, जणू तो तेवढ्यासाठीच केला होता. आणि पन्हळीतून पाण्याची एक बारीक, सलग धार शाळिग्रामाच्या मधोमध पडली. एक थेंब बाहेर नाही. आईने धारेकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं, मग दाराकडे. शेजारच्या काकू फुलं द्यायला ह्याच वेळेला येतात.

"दार लोट गो," ती म्हणाली, "आणि घाल तशीच."